तीन बोटांची विद्या

करडीला गुरुजींच्या घराच्या जागी आता सिमेंटचं दुमजली घर उभं आहे, पण मागचा गुरांचा कोठा तसाच ठेवलाय. प्रकाशने, म्हणजे गुरुजींच्या पुतण्याने, फोनवर मला तेच आधी सांगितलं. "ताई, कोठा तसाच हाये. तुमी याच. सायंकाळी गुरुजीच्या नावाचा कार्यक्रम ठेवला आमी. गुरुजी कसे शिकवत होते थे तुमीच सांगायचं. दुसरं कोन रायलं आता सांगायले?"

दुसरं कोणी राहिलं नाही हे खरंच. म्हणून आले. इतकी वर्षं टाळून टाळून एका फोनवर आले, यात माझ्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. त्या कोठ्यात उभी राहून गुरुजींबद्दल माझ्या तोंडून काय निघतं, ते मलाच एकदा ऐकायचं होतं. कौतुक तर मी कितीही करू शकते. चारचौघांत आजवर तेच केलंय.

दुपारी एकटीच आत गेले. पहिला वास आला तो सरकीच्या ढेपेचा. मग धानाच्या तणसाचा, मग जुन्या गोमूत्राचा. आणि माझ्या नाकाला त्या सगळ्यावर राळेचा वास आला. तो तिथे आता असणं शक्य नाही, पण आला. व्हायोलिनच्या गजाला घासायची ती पिवळसर राळ. गुरुजी ती धोतराच्या सोग्यात बांधून ठेवत, आणि आमच्या घोटून घोटून घाणेरड्या झालेल्या राळेकडे बघून म्हणत, "गूळ हाये का हा?"

आम्हा शिष्यांची शिकवणी याच कोठ्यात व्हायची. ओसरीवर ते कधी शिकवत नसत. माणसं बोलतात, बैल बोलत नाहीत, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. सकाळी धारा काढून झाल्या की कोपऱ्यातली जागा झाडून पोतं अंथरायचं, मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि षड्ज लावायचा. समोर दोन बैल रवंथ करत आमच्याकडे बघत बसलेले. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. गावात मुलीने व्हायोलिन शिकावं ही गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटे, पण शिकवणारे गुरुजी असल्यामुळे कोणी काही बोलत नसे. त्यांना सारेच घाबरत.

हा माणूस मोठमोठ्या शहरांत वाजवून आला होता. रेडिओवर त्यांचं वादन लागलं की चावडीपुढे माणसं उभी राहत. कलकत्त्याची, पुण्याची पाकिटं येत. ती काकू, म्हणजे त्यांची बायको, देवळीत ठेवून देई. ते सगळं सोडून गुरुजी करडीला का परतले, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आल्यावर, अधूनमधून एखादी मैफल किंवा रेडिओ सोडला तर, त्यांनी दोनच गोष्टी केल्या. आम्हाला शिकवलं आणि पटाचे बैल पाळले.

पट म्हणजे बैलांची शर्यत. आमच्या भागात धान निघालं, शेतातल्या बांध्या कोरड्या पडल्या की पटाचे दिवस येतात आणि माणसं वेडी होतात. गुरुजी तर जातीचेच वेडे. त्यांच्या कोठ्यात खुंटीला दोन वस्तू शेजारी शेजारी टांगलेल्या असत. एक गज आणि एक तुतारी. आमच्याकडे तुतारी म्हणजे फुंकायची नव्हे. ती बैल हाकायची अंगठ्याएवढी जाड काठी, टोकाला खिळा ठोकलेली.

आम्हाला ते त्या तुतारीनेच शिकवत.

कसं ते सांगते, कारण हे भाषणात कधी सांगितलेलं नाही. गुरुजी मागे बसत. माझा उजवा हात गज ओढायला वर उठला की कोपराच्या खाली बोटभर अंतरावर तुतारीचा खिळा आणून धरत. हात हलत नसे त्यांचा. लांब गज ओढताना कोपर खाली पडलं की खिळा आपोआप रुते. अर्धा-अर्धा तास एकच षड्ज. खांद्यातून कळ निघे, डोळ्यांपुढे ठिपके नाचत, कोपर पडे, खिळा रुते, कोपर वर जाई. परकराच्या घडीवर रक्ताचे थेंब पडत.

"गुरुजी, टोचून राहिलं," मी एकदा रडत म्हटलं.

"मी टोचून नाई राहिलो पोरी," ते शांतपणे म्हणाले. "माहा हात पाहा तू, जागचा हालला काय? तूच खाली येऊन राहिली. कायले येते खाली?"

मला तेव्हा ते पटलं होतं. त्याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

माझ्या उजव्या कोपराखाली त्या दिवसांचे पांढरे ठिपके अजून आहेत. आणि माझा गज अजून खाली पडत नाही, हेही सांगायला पाहिजे. नागपूरला माझ्या वादनाला आलेले जाणकार विचारतात, इतका लांब, इतका सरळ गज तुम्ही कसा काय ओढता. मी हसते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गुरुजी अधिकच तापट होत. घरोघरच्या बायका-पोरी चिखलात उतरलेल्या. मीही उतरत असे. दिवसभर पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडे, टोकं फुगत, आणि अशी बोटं तारेवर ठेवली की सूर इकडचा तिकडे. एकदा मी गंधार चढा लावला तर त्यांनी पुढे वाकून माझ्या व्हायोलिनची खुंटी पिळली. पिळतच राहिले. तार तुटली आणि माझ्या गालावर चाबकासारखी बसली. बैल दचकून उठले. गुरुजी म्हणाले, "आता तो गंधार याद राहीन." राहिला. पावसाचा, चिखलाचा वास आला की मला अजून गालावर हात नेऊन बघावासा वाटतो.

पण त्यांचं वाजवणं. त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. गज सुरू कुठे झाला आणि परतला कुठे, हे कानाला कळत नसे. एक सूर निघे तो श्वास न घेता पुढे जाई, आणि ऐकणाऱ्याचाच जीव घुसमटे. द्रुत वाजवायला लागले की ते वाद्याला मारताहेत असं वाटे. गजाचे केस तटातट तुटून त्यांच्या मनगटावर लोंबत, राळेचा धुरळा उडे, कपाळाची शीर फुगे, आणि त्या सगळ्या धिंगाण्यातून स्वर मात्र लखलखीत, एकही सूर मळलेला नाही. मी तोंडात पदर कोंबून ऐकत असे. असं दुसऱ्या कोणाचं मी ऐकलं नाही आणि आता ऐकेन असं वाटत नाही.

एका पटाला त्यांनी मला आणि काकूला बंडीतून नेलं होतं. त्यांची जोडी तेव्हा पंचक्रोशीत गाजत होती. हिऱ्या तांबडा, आणि पाखऱ्या पांढराशुभ्र, शेपटीचा गोंडा जमिनीला टेकेल एवढा लांब. गुरुजी स्वतः छकड्याच्या धुरेवर बसले. साठीकडे झुकलेला माणूस! झेंडी पडली आणि धूळ उठली. धुळीतून मला फक्त त्यांचा हात दिसला. वर जाणारा, खाली येणारा. तुतारी बैलांच्या पुठ्ठ्यात घुसत होती आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. जोडी पहिली आली. पाखऱ्याच्या मागच्या पांढऱ्या अंगावरून रक्ताचे ओघळ खुरापर्यंत आले होते, आणि तोंडातून फेस. लोकांनी गुरुजींना खांद्यावर घेतलं.

तिथल्या पाटलांच्या अंगणात दिवस मावळता मावळता गुरुजींनी मारवा वाजवला. त्यांच्या नखांत रक्त तसंच होतं, काळं पडलेलं. मी त्या नखांकडेच बघत होते. त्या नखांनी त्यांनी कोमल रिषभ असा लावला की पलीकडे ओल्या अंगाने उभा असलेला पाखऱ्या मला एकाएकी माझा कोणी सख्खा वाटला आणि मी हमसाहमशी रडले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको वो. मी बी असीच रडलो होतो पयल्यांदा." तिचं किती वेळा आणि कशाकशासाठी रडून झालं असेल, ते मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी वसंतपंचमीला भंडाऱ्याला गुरुजींसोबत मी पहिल्यांदा लोकांपुढे बसणार होते. आदले दहा दिवस मी जेवले नसेन धड. आणि ऐन वेळी माझ्या गजाचे केस गेले. रोज चार तुटायचे, आता मोजून दहा-वीस उरले. गुरुजींनी नागपूरला कळवलं होतं, पण केस काही येईनात. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात, हे मला ठाऊक होतं. करडीत घोडा कुठून आणायचा?

आणि कोठ्यात पाखऱ्या उभा होता.

आज हसू येतं. तेव्हा मला ती युक्ती इतकी सुंदर वाटली! शेपटी ती शेपटी. पांढरे, लांब, रेशमासारखे केस. दुपारी गुरुजी पडले होते. मी विळ्याने पाखऱ्याचा गोंडा मुठीएवढा कापून घेतला. तो गरीब उभा राहिला, ओळखीची होते ना मी. केस रिठ्याने धुतले, मेणदोऱ्याने गजाला बांधले, ताणले आणि दोन तास राळ घासत बसले. गुरुजी शाबासकी देतील अशी माझी खात्री होती. पाठीवर थाप पडेल तेव्हा काय म्हणायचं, तेही ठरवून ठेवलं होतं.

चार दिवसांनी पट होता, हे मला माहीत होतं. आणि गोंडा तुटलेला बैल आमच्याकडे कोणी पटाला नेत नाही, अपशकुन मानतात, हेही मला माहीत होतं. शेतकऱ्याचीच पोर मी. पण त्या दुपारी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी आल्याच नाहीत. डोक्यात एक गज होता फक्त.

गुरुजी उठून बैलांना पाणी दाखवायला आले. पाखऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"हे कोनं केलं?"

"मीनं, गुरुजी. गजाले केस नव्हते. पहा ना, कसे छान..."

मी डाव्या हाताने खांबाला धरून उठत होते. त्यांनी खुंटीवरची तुतारी ओढली आणि जाड बाजूने मारली. पहिला फटका पाठीवर, दुसरा खांद्यावर, तिसरा खांबावरच्या हातावर. वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. माझ्या डाव्या करंगळीचा. मी ओरडले नाही. मला आठवतं, मी त्या बोटाकडे बघत होते आणि ते भलत्याच दिशेला बघत होतं. चौथा, पाचवा फटका कुठे बसला ते कळलं नाही. बैल दावी तोडायला लागले होते.

काकू धावत आली आणि मध्ये पडली. "मारून टाकता काय पोरीले? बैल हाये काय थे?"

"बैल असती तं येवढी अक्कल राहिली असती," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी तुतारी टाकली आणि तो गज उचलला. माझं व्हायोलिन घेतलं, पोत्यावर बसले आणि वाजवायला लागले. काकू माझा हात पदरात गुंडाळत होती आणि ते वाजवत होते. बैलाचे केस जाड. तार आधी गुरगुरली, किंचाळली, कोणाचा तरी गळा दाबल्यासारखी. ते दाबत गेले. दहा-बारा मिनिटांत त्या राकट गजातून त्यांनी तोडी काढली. वेळ दुपार टळलेली, त्या सकाळच्या रागाची नव्हेच. इतकी जखमी तोडी मी कधी ऐकली नाही. माझं बोट मोडलेलं, तोंडात रक्ताची चव, आणि मी ऐकत होते. मला ऐकायचं होतं. हे कबूल करताना माझी मलाच लाज वाटते.

"लागते सूर," गज ठेवत ते म्हणाले. "पन जाड हाये. घोडाच पायजे." आणि पाखऱ्याला पाणी पाजायला गेले.

गावातल्या म्हाताऱ्याने हाड बसवलं, बांबूच्या कमच्या बांधल्या. बोट वाकडं जुळलं. ते आजही मधल्या पेराशी वळलेलं आहे, सरळ होत नाही. घरी बाबा एवढंच बोलले, "गुरुजीनं मारलं म्हंजे काई तरी चुकलं असन." माय चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "आता तिकडे जायचं नाई. वाजवनं गेलं चुलीत." वसंतपंचमी आली आणि गेली. पटाला त्या वर्षी गुरुजी गेले नाहीत.

दोन महिन्यांनी मी मायला न सांगता कोठ्यात गेले. का गेले, याची चांगली चांगली उत्तरं मी लोकांना दिली आहेत. खरं उत्तर हे की मला त्या माणसाशिवाय सूर कुठे सापडणार होता?

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच ते मागे न बसता समोर बसले. स्वतःचं व्हायोलिन घेतलं, डाव्या हाताची करंगळी तळव्यात मिटली आणि तीन बोटांवर भूप सुरू केला. अडखळले! मी त्यांना जन्मात कधी अडखळताना पाहिलं नव्हतं. जिथे करंगळी पंचमावर पडायची, तिथे आता अनामिका खालून घसरत नेत होते. एकदा चुकले, दोनदा चुकले. पुन्हा केलं. मी तसंच करत गेले. दोघेही त्या दिवशी नवशिके होतो.

पुढची आठ-नऊ वर्षं, लकव्याने जाईपर्यंत, त्यांनी ती करंगळी उघडली नाही. माझ्यापुढे नाही, मैफलीत नाही, रेडिओवर नाही. प्रत्येक राग त्यांनी तीन बोटांसाठी नव्याने शोधला आणि मला दिला. त्यातून ती लांब, काळीज ओढणारी मींड जन्माला आली. ऐंशीच्या दशकात लोकांनी तिचा गवगवा केला, पेपरात लिहून आलं, गुरुजींची नवी शैली म्हणून. त्यांनी खुलासा केला नाही. मीही केला नाही. तुतारी त्यांनी परत उचलली नाही आणि 'चुकलं' हा शब्दही उच्चारला नाही.

काकू मरण्याआधी मला म्हणाली होती, "त्याहीनं आपलं बोट तुले देल्लं वो. आता राग नोको ठेवू." मी मान हलवली होती. पण काकू, त्यांचं बोट त्यांनी मिटलं होतं. वाटेल तेव्हा उघडता आलं असतं. माझं मोडलं होतं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि आहे, आणि राग आहे तो आहे. एकाने दुसरं फिटत नाही.

सायंकाळी कोठ्यापुढच्या अंगणात सतरंज्या पडल्या. दीडेकशे माणूस असेल. गुरुजींच्या फोटोला हार घातला. प्रकाश आता व्हायोलिनचा वर्ग चालवतो. त्याने आधी त्याच्या एका शिष्येला बसवलं. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या. तिने भूप चांगला धरला. मी डोळे मिटले होते, उघडले आणि तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. करंगळी तळव्याशी लाल दोऱ्याने घट्ट बांधलेली.

"हे काय?" मी प्रकाशला विचारलं.

"गुरुजीची पद्धत ना ताई!" तो अभिमानाने म्हणाला. "सुरुवातीले लेकराईचं बोट ऐकत नाई, उघडते. म्हनून बांधूनच शिकवतो आमी. सगळ्याईले."

मुलीचं वादन संपलं, टाळ्या झाल्या. माझं नाव पुकारलं. बोलायचं ते मी दुपारीच मनात जुळवून ठेवलं होतं. गुरुशिष्य परंपरा, त्याग, साधना. माइकपाशी न जाता मी त्या मुलीसमोर खाली बसले आणि दोरा सोडायला लागले. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली.

"ताई, काय करून राहिल्या?" प्रकाश माझ्या कानाशी लागला. "लोक बसले हायेत."

"म्हणूनच करून राहिली," मी म्हटलं. आणि माझा डावा हात वर धरला, मागच्या रांगेला दिसेल एवढा. "ही पद्धत नाही. माझं हे बोट गुरुजींनी मोडलं होतं. काठीने. तिथे, त्या खांबापाशी. बैलाच्या शेपटीचे केस कापले म्हणून. त्यानंतर त्यांनी मला तीन बोटांनी शिकवलं, कारण माझ्याजवळ तीनच उरली होती."

मागे एक म्हातारा खाकरला. प्रकाशचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्याची कीव आली, पण थांबावंसं वाटलं नाही.

मुलीच्या करंगळीवर दोऱ्याचे लाल वळ होते, टोक पांढरं पडलेलं. मी ते थोडं चोळलं. "आता हे पंचमावर ठेव," म्हटलं. "भिऊ नको."

तिने ठेवलं. कधी न वापरलेलं बोट ते, तारेवर नीट बसेना. गज ओढला आणि पंचम चांगलाच बेसूर लागला. त्याबरोबर तिने खांदा कानापर्यंत वर घेतला, डोळे घट्ट मिटले आणि फटका येणार असल्यासारखी मान एका बाजूला चुकवली.

सारं अंगण ते बघत होतं. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिने डोळे उघडेपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, "पुन्हा लाव."